दुखणं त्यांचं, उत्तर माझं

मैत्रिणींनो, आज सकाळी कंबर दाखवायला सुनेसोबत वरुडला दवाखान्यात गेले होते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, नुसतं पडून राहिलं तरी दुखते का?" मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "नाही मॅडम, वयाचंच हाय. आई ऐकतात कोठी कोनाचं! दिवसभर वाकूनच काम राहते त्यायचं."

"कंबर तुमची दुखते का? मग त्यांना बोलू द्या ना."

सून हसली. मला हसू आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या यांची पाठ दुखायची, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी यांना हेच विचारलं होतं. मी चार पुस्तकं वाचते, म्हणून सगळीकडे मीच बोलायची. म्हटलं, "पडलं की बरं वाटते त्याईले. संत्र्याच्या पेट्या उचलतात, दुसरं काय!" चारचौघांत माझा शब्द यांनी कधी खोडला नाही, तेव्हाही नाही. पडूनही दुखायचं ते मणक्यातल्या गाठीमुळे, हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. दोन महिन्यांत ते गेले.

आज बाईंनी मला खुर्चीवरून उठवलं, चालवून पाहिलं, मणका न् मणका दाबला. मी सगळं खरं सांगितलं. सांगताना रडू आलं. त्यांना वाटलं, फार दुखतंय.

तुमच्या घरचं म्हातारं माणूस दवाखान्यात जातं, तेव्हा बोलतं कोण?