पाठीत खचणारी सायकल

सायकलवाल्यांकडे किस्से फार साचतात. कारण साधं आहे. घाट चढताना कोणाच्याच तोंडातून शब्द फुटत नाही, सगळं पोटात राहतं, आणि चहाच्या टपरीवर टेकलं की भडाभडा बाहेर पडतं! आमच्या बुलढाण्यात चढ-उताराला तोटा नाही, त्यामुळे किश्शांनाही नाही.

आमचा ग्रुप चौघांचा. मी झेरॉक्स-स्टेशनरीच्या दुकानाची मालकीण, रोजची राईड माझ्याच पायरीवर संपते. फिरोजभाई टू-व्हीलर स्पेअर पार्ट्सवाले. पवन तहसीलमध्ये क्लार्क आहे, पण सायकलीतलं सगळं त्याला कळतं, कारण तो यूट्यूब पाहतो. आणि गणिताचे सुभाष सर. हे सगळे किस्से त्यांच्यामुळेच घडले, कारण मध्यंतरी ते सायकल निवडत होते. लोक जावई निवडतात त्यापेक्षा जास्त दिवस!

*

सुरुवात कमरेपासून झाली. राजूर घाट उतरून आम्ही रोहिणखेडच्या बाजूला कच्च्या रस्त्यानं निघालो होतो. सरांच्या जुन्या सायकलीला पुढे शॉकअप, मागे नुसता लोखंडी दांडा. एका चाकोरीत सायकल आपटली आणि सर जे बसले, ते बसलेच!

मिळाला तो मालवाहू ऑटो थांबवला आणि सरांना त्यात आडवं टाकलं. ऑटोत वाळलेल्या मिरचीची पोती होती. पूर्ण घाट चढेपर्यंत प्रत्येक शिंकेला एक किंकाळी! फिरोजभाई पुढे बसून ड्रायव्हरला सांगत होते, "हळू चालव बाबा, मास्तर लिकेज होऊन राह्यले."

सर बरे झाले, पण सायकल बंद. तरी रोज आमची राईड संपायच्या वेळी पायी यायचे, चहा घ्यायचे आणि आमच्या सायकलींच्या सीटवरून नुसता हात फिरवायचे. मला खरंच वाईट वाटायचं. शेवटी मीच रेखा वहिनींकडे, म्हणजे त्यांच्या मिसेसकडे रदबदलीला गेले. वहिनी दवाखान्यात स्टाफ नर्स. भल्याभल्या पेशंटला त्या एका नजरेत झोपवतात.

"पुढं-मागं दोन्हीकडे शॉकअपची सायकल असते म्हणतेत ना? घेऊ द्या," त्या म्हणाल्या. "पण आधी चालवून पाहायची. चालवून आले की माह्यासमोर वाकायचं. बोटं पायाच्या अंगठ्याले टेकली तर सायकल. नाही टेकली तर उद्यापासून मैदानावर, लाफ्टर क्लबात!"

सर पांढरे पडले. लाफ्टर क्लबचे अध्यक्ष त्यांचे रिटायर झालेले हेडमास्तर आहेत.

*

पहिली टेस्ट राईड संभाजीनगरच्या एका मोठ्या दुकानात. एवढ्या लांब फिरोजभाईंच्या कारनं गेलो, तर सेल्समन म्हणतो, "टेस्ट राईड फक्त पार्किंगमध्ये हं सर."

"भाऊ, मले पार्किंगमंधी नाही चालवायची सायकल. मले घाट पाह्यजे!"

"सर, स्पीडब्रेकर आहे ना एक."

मग काय, सर त्या स्पीडब्रेकरवरून जायचे, वळायचे, पुन्हा यायचे. प्रत्येक वेळी मान तिरकी करून, कंबर काही बोलते का ते ऐकायचे. शेवटी वॉचमन जवळ आला. "काका, काही हरवलं का?"

"अजून नाही हरवलं," सर म्हणाले. "कंबर हरवते का ते पाहून राह्यलो."

सायकल पसंत पडली. पण परतीच्या रस्त्यात काम चालू, सगळे खड्डे, आणि कारमध्ये बसून बसून सरांची कंबर आखडली. दारातच वहिनी उभ्या. "वाका!"

सर वाकले. बोटं गुडघ्यापाशी थांबली.

"अवं, हे सायकलीनं नाही झालं! फिरोजच्या कारनं झालं!"

"मंग कारही फेल," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

पुढची सायकल पवननं चिखलीच्या एका डॉक्टरांकडून दिवसभरासाठी मागून आणली. आल्या आल्या म्हणाला, "सर, आधी सॅग काढा लागन." म्हणजे आपण बसल्यावर मागचा शॉकअप किती दबतो, ते मोजायचं. "राईडले जे जे घालता, ते सगळं घालून बसा."

सर माझ्या दुकानासमोर सायकलवर बसले. हेल्मेट, गॉगल, गुडघ्याला गार्ड, पाठीला बॅग, एक हात माझ्या शटरला. फिरोजभाई रस्त्यावर आडवे होऊन माझ्याच दुकानातल्या पट्टीनं मोजत होते. पवन ओरडत होता, "सर, श्वास नका घेऊ, रीडिंग हलून राह्यलं!"

नेमकी हॉलतिकिटाच्या झेरॉक्सची गर्दी. रांगेतल्या एका पालकांनी बराच वेळ पाहिलं आणि न राहवून विचारलं, "सर, कुठं निघाले?"

"कुठंच नाही."

"अस्सं." ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "ताई, पोराची गणिताची ट्यूशन दुसरीकडे लावू काय?"

*

त्याच सायकलवर सर संध्याकाळी मोठी चक्कर मारून आले. चेहरा हसरा, पण उतरताना डोळे किंचित मिटले. मी ओळखलं. माझ्या दुकानामागे जाऊन त्यांनी खिशातून दुखण्यावरचा स्प्रे काढला आणि शर्टाखाली मारत सुटले.

"सर, वास येईल."

"काही नाही येत. सांगीन, तुमच्या दुकानात उदबत्ती होती."

त्यांच्या घराच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि वहिनी म्हणाल्या, "शर्ट वर करा."

"अवं, वाकून तर दाखवू दे!"

"मी दिवसभर दवाखान्यात हाच वास घेते. वाकाची गरज नाही."

सर चिडले. "तुह्यी कंबर नाही दुखत काय? पेशंट उचलून उचलून रोज तर कण्हते!"

"माही कंबर पगारी हाये," वहिनी म्हणाल्या. "तुमची हौशी."

त्या दिवसापासून सरांच्या वाकण्यावरचा वहिनींचा विश्वास उडाला तो उडालाच.

*

तिसरी सायकल मलकापूरच्या एका ओळखीच्यांची. फिरोजभाई म्हणाले, "आधी ब्रेक पाहायचे. शॉकअप बाद में. ब्रेक मी पाहतो."

आमच्याकडच्या जंगलात अस्वलं आहेत. दिसत कोणाला फारसं नाही, पण घाबरतात सगळे. घाटातल्या एका वळणावर फिरोजभाई जोरात खाली सुटले, आणि समोर रस्त्याच्या कडेला काहीतरी काळं, केसाळ, हललं!

फिरोजभाईंनी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल जागच्या जागी थांबली. फिरोजभाई नाही थांबले.

आम्ही धावत पोहोचलो तर काळी घोंगडी पांघरलेला एक मेंढपाळ उठून उभा राहिला होता आणि घाणेरीच्या झुडपाकडे बघत होता. झुडपातून दोन बूट बाहेर आलेले. मी घाबरून हाक मारली, "फिरोजभाई! लागलं का हो?"

आतून आवाज आला, "सर, ब्रेक पास!"

*

सरांचे आईवडील उंद्रीला असतात. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आयुष्यभर बैल पारखलेत, बाजारातले दलालसुद्धा त्यांना पाहून भाव बदलतात. तीन सायकली पाहूनही काही ठरलं नाही, हा घोळ त्यांच्या कानावर गेला. "बैल बाजारात पाहून घेत नसतेत," ते फोनवर कडाडले. "घरी आणतेत, औताले जुंपून पाहतेत, मंग सौदा. सायकल इकडं आणा!"

म्हणून फिरोजभाईंनी अकोल्याच्या एका दुकानदाराला भीड घातली आणि त्याची दाखवायची सायकल दोन दिवसांच्या बोलीवर उंद्रीला आणली. "ओरखडा आला तर तुमची," एवढंच तो म्हणाला होता.

अण्णांनी आधी सायकलीभोवती चक्कर मारली. "स्टँड नाही. कॅरिअर नाही. मडगार्ड नाही. मंग पैसे कशाचे?" मग मागे जाऊन सीटवर थाप मारली. सायकल दबली आणि वर आली. अण्णांचा चेहरा बदलला. पुन्हा जोर देऊन दाबलं, पुन्हा ती दबली.

"सुभाष, हे जनावर घेऊ नको. पाठीत खचते."

"अण्णा, ते सस्पेन्शन हाये," पवन पुढे झाला. "ते खचालेच पाह्यजे!"

अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माह्या पोराची कंबर गेली, आन तू त्याले कंबर गेलेलीच सायकल घेऊन देऊन राह्यला?"

*

भरीत आणि कळण्याची भाकर खायला आम्ही आत बसलो. आमच्याबरोबर आलेल्या वहिनी वाढत होत्या. सरांच्या आई मात्र कुठे दिसेनात. इतक्यात अंगणातून आवाज आला, फट्ट!

बाहेर येऊन पाहतो तर हँडलला झेंडूचा हार, दोन्ही चाकांखाली लिंबू, मागच्या शॉकअपला लाल दोरा, आणि फ्रेमच्या नळीवर कुंकू-तेलाचं ठसठशीत स्वस्तिक! आई हातात अर्धा नारळ घेऊन उभ्या.

"आई, ही परत द्यायची हाये!" सर जवळजवळ रडकुंडीला आले. "नुसती पाहाले आणली होती!"

"पाहाले आणलेली गाडी दारात उभी करते काय कोणी? मले वाटलं घेतली." आईंनी खोबऱ्याचा तुकडा सरांच्या हातावर ठेवला. "आता पूजा झाली. लक्ष्मी परत धाडत नसतेत."

स्वस्तिक पुसायला गेलो तर तेल आणखी पसरलं. फिरोजभाईंनी घाबरत घाबरत दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर. हार सांगितला, लिंबू सांगितले, स्वस्तिक सांगितलं. मग पलीकडून प्रश्न आला.

"फिरोजभाई, एकच सांगा. नारळ फुटला काय?"

"फुटला."

"मंग बिल बनवतो!"

*

सायकल घरात आली, पण कंबर अजून पास व्हायची होती. नापास झाली असती तर सायकल हारासकट गोठ्यात आणि सर लाफ्टर क्लबात.

वहिनी ओट्यावर आल्या. "या चालवून."

घरामागून शेताकडे जाणारी पांदण आहे, दोन्ही बाजूंना तूर, मधे ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या आणि दगड. सर गेले. आम्ही सगळे ओट्यावर थांबलो. परत आले ते तोंडभर हसत. रोहिणखेडच्या त्या दिवसानंतर ते तसे हसलेच नव्हते.

"काहीच नाही झालं व! काहीच नाही!" असं म्हणत त्यांनी सायकल उभी धरायला पवनकडे दिली, स्वतःहून वाकले आणि बोटं अंगठ्याला टेकवली. फिरोजभाईंनी शिट्टी मारली.

वहिनींनी आधी सरांचे खिसे चाचपले. मग वास घेतला. तरी समाधान होईना.

"तुमच्या वाकण्यावर माहा भरवसा नाही. दुखत असलं तरी हसत हसत वाकान तुम्ही. मीच पाहते."

"तू?" सर म्हणाले.

वहिनींनी ओढणी कमरेला बांधली, सरांचं हेल्मेट घातलं आणि सायकल हातात घेतली.

"सुनबाई, पडशील व!" आई ओरडल्या.

"आई, मायेरी भावाच्या सायकलवर नळीखालून पाय घालून शाळेत जात होती मी," एवढं बोलून वहिनी निघाल्यासुद्धा.

पांदणीत धूळ उडाली. विहिरीपाशी वळतील असं वाटलं होतं, वळल्या नाहीत. तुरीआड दिसेनाशा झाल्या. आम्ही वाट पाहतोय. सर ओट्याच्या कडेला आले, मग खाली उतरले, मग पांदणीच्या तोंडापर्यंत गेले. "लागलं तर नसन ना तिले?" पवन बघायला निघणार, एवढ्यात लांबून कोणीतरी मोठ्यानं हसल्याचा आवाज आला.

वहिनी येत होत्या. केस सुटलेले, हाराच्या पाकळ्या मागे उडताहेत, आणि सीटवर बुड टेकलेलं नाही. समोरच्या बांधाला वळसा घालायचं सोडून त्या सरळ त्यावरून आल्या, मागचा शॉकअप दबला, वर आला, आणि अंगणात सायकल थांबली. त्यांना आम्ही कधी असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग ओट्यावरून अण्णा म्हणाले, "सुनबाई, वाक."

एका हातात हँडल धरून वहिनी वाकल्या. दुसऱ्या हाताची नुसती बोटं नाही, पूर्ण तळवा जमिनीला टेकला. त्या सावकाश उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून थोडं थांबल्या, आणि म्हणाल्या, "पास!"

सर पळतच आले आणि त्यांनी हँडल धरलं. वहिनींनी मात्र सोडलं नाही.

"ही नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी दुसरी पाहा."