मागं राहिलेल्यांचे सॅम्युअल सर

सॅम्युअल सर निकालाचा कागद खालून वर वाचत. पहिलं कोण आलं हे त्यांच्या गावीही नसे. शेवटचं कोण, हे मात्र तोंडपाठ. तेलंगणातल्या इंद्रवेल्लीजवळच्या आमच्या दोन शिक्षकी शाळेत मी त्यांच्यासोबत नऊ वर्षं काढली. त्यातली निम्मी त्यांच्यावर चिडण्यात गेली.

गावात ते एकटेच ख्रिस्ती. रविवारी सायकलवरून प्रार्थनेला जात. धर्माबद्दल कुणाला चार शब्द सांगितले नाहीत, पण तो त्यांच्या वागण्यात असा मुरलेला, की सोबतच्या माणसानं कपाळावर हात मारावा. आजूबाजूच्या शाळा गुणवंतांचे फोटो बॅनरवर झळकवत होत्या. आमच्या शाळेला ते कधी जमलं नाही. मी कुरकुर केली की सर म्हणत, "बाई, पुढं गेलेल्याले वाट सापडते. मागं राह्यलेल्यापाशी कोनी थांबा लागते. येशू तेच करत होता."

"येशूला वरच्या अधिकाऱ्यांना उत्तर द्यायचं नव्हतं!"

"त्याले तर लय जबर अधिकारी भेटला, बाई. थेट क्रुसावर चढवलं," म्हणून ते खळखळून हसले.

माझी पल्लवी चौथीत आली, त्या वर्षी मात्र मला हसू येईना. सरकारी निवासी गुरुकुल शाळेची प्रवेश परीक्षा होती आणि गणित सरांकडे. शाळा सुटल्यावर तिला तासभर शिकवा, म्हणून मी विनवलं. तो तास त्यांनी तिच्याच वर्गातल्या रेणुकाला दिला. तिची आई दिवाळीत वारली होती. पोर बोलेनाशी झाली होती, साधी वजाबाकीही विसरली होती. परीक्षेला तर ती बसणारच नव्हती! सर तिच्याशेजारी जमिनीवर बसून चिंचोके मांडत.

"तिला शिकवून काय मिळणार आहे?" मी एकदा ओरडलेच.

"पल्लवीपाशी तुमी हायच की, बाई. हिच्यापाशी कोन हाय?"

पल्लवीची जागा अगदी थोडक्यात हुकली. मी सरांशी बोलणं टाकलं. घरी पोरीलाही नको ते बोलले. ती गुरुकुलात जाणार, असं नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलं होतं ना! तिनं जेवण सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी सर दारात उभे. मी वाट अडवली. "आता कशाला आलात? तेव्हा वेळ नव्हता तुम्हाला!"

"तवा ती पुढं होती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आता मागं राह्यली."

मला संतापानं रडूच कोसळलं. ते आत जाऊन तिच्याजवळ बसले. परीक्षेचं नाव काढलं नाही. आपण स्वतः सातवीत कसे नापास झालो, तेच रंगवून सांगत राहिले. संध्याकाळी पल्लवीनं भाकर मागितली.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले आणि बेज्जूरकडच्या आपल्या गावी निघाले. आभार मानावेत म्हणून मी बसस्टँडवर गेले आणि तोंडातून भलतंच निघालं. "माझ्या पोरीचं नुकसान केलं, असं कधी वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटते ना, बाई. रोज प्रार्थनेत तिचं नाव घेतो." मग पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "पन पुन्हा तशीच वेळ आली, तर तसंच करीन."

असल्या माणसाला काय म्हणावं! बस निघेपर्यंत मी त्यांच्याशी भांडत होते. आभार मानायचे राहूनच गेले.