खांबेट्यांचा शेवटचा कोरडा तलाव

बंगळुरूच्या आसपासचे जेवढे तलाव अरविंद खांबेट्यांनी पाहिले होते, तेवढे त्यांच्या ओळखीत कुणीच पाहिले नव्हते. त्यांपैकी एकातही पाणी नव्हतं. हा योगायोग नव्हे. तलाव निवडताना त्यांची तेवढी एकच अट असे.

विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात त्यांची नोकरी झाली. एखादा खिळा केसभर जाड निघाला तर अख्खी खेप परत पाठवणारे अधिकारी, अशी त्यांची ख्याती होती. पण पत्रिकेत जलघात होता. सत्तरी पूर्ण होईपर्यंत पाण्यापासून जिवाला धोका, असं त्यांच्या मुंजीत कुणीतरी सांगितलं होतं आणि ते त्यांनी कारखान्यातल्या सूचनेसारखं पाळलं. शंका आली की ते धारवाडच्या जयतीर्थ आचार्यांना फोन करत. पाणी म्हणजे नेमकं किती, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. आचार्यांनी दोन दिवस घेऊन कळवलं: साठलेलं किंवा वाहतं, घोट्याच्या वर. बादलीतली अंघोळ चालेल. शॉवर चालेल, कारण ते पाणी थांबत नाही. रेल्वेने पूल ओलांडायला हरकत नाही, खाली बघू नये.

प्रेमाताईंचं माहेर सांगलीचं, लहानपण कृष्णेच्या घाटावर गेलेलं. लग्नानंतर दोघं महाबळेश्वरला गेली, तेव्हा वेण्णा तलावात त्या एकट्याच होडीत बसल्या आणि नवरा काठावर त्यांच्या चपला धरून उभा राहिला. त्यानंतरची सगळी वर्षं तशीच गेली. अरविंदराव निवृत्त झाल्यावर प्रेमाताईंनी सांगितलं, "आता दर रविवारी मला तलावावर फिरायला न्यायचं." अरविंदराव लगेच हो म्हणाले. तलावात पाणी असावं, हे त्यांनी वेगळं सांगितलं नव्हतं.

कोरड्या तलावांचा या भागात तुटवडा नाही. बनशंकरीच्या कॉलनीतली काही मंडळीही येऊ लागली, कारण सोय होती. गाड्या थेट तलावात लावता येत. गवतावर सतरंजी टाकायची, धपाटे खायचे, भेगाळलेल्या जमिनीवरून चार चकरा मारायच्या. "इथून सूर्यास्त छान दिसत असेल, पाण्यात," असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे खाली मातीकडे बघायचे.

मग शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोरड्या तलावांत सोडायची योजना आली. पाऊस नाही, पाणी नाही, आणि तलाव मात्र भर उन्हाळ्यात भरू लागले. अरविंदराव वर्तमानपत्रात त्याच्या बातम्या वाचत आणि चेहरा पाडून प्रेमाताईंना सांगत, "आणखी एक गेला." शेवटी आनेकलच्या पलीकडचा एकच उरला.

"हा शेवटचा," प्रेमाताई म्हणाल्या. "पुढच्या रविवारपासून मी शेजारच्या धनलक्ष्मीबरोबर पाण्याच्या तलावांवर जाणार. तुम्ही आलात तर तुमच्यासह, नाहीतर तुमच्याशिवाय."

सत्तरी पूर्ण व्हायला दिवाळी उजाडणार होती. तोवरचे सगळे रविवार घरी एकट्याने काढायचे, या कल्पनेने ते हादरले. घरात गॅस कसा पेटवायचा इथपासून त्यांची तयारी नव्हती.

त्या रविवारी इतरांपैकी कुणी आलं नाही. प्रेमाताई आणि धनलक्ष्मी तलावाच्या मधोमध असलेल्या उंचवट्यावर डबे घेऊन बसल्या. गाळ उपसून पक्ष्यांसाठी केलेलं ते बेट. गाळ काढल्याने भोवती खोलगट खंदक झाला होता. अरविंदराव सवयीने बांधाकडे गेले आणि पाणी सोडायच्या मोरीचं दार किती गंजलंय ते बोटाने तपासू लागले. तेवढ्यात बांधावरच्या जाड पाइपातून घरघर आली, खोकल्यासारखे दोन आवाज आले आणि पाणी सुटलं. बघता बघता बेटाभोवतीचा खंदक चकाकू लागला.

धनलक्ष्मी सलवार वर खोचून सरळ चालत बाहेर आल्या. "स्वल्पच आहे हो, अण्णा! नडगीपर्यंतच. गार गार छान वाटतंय."

"प्रेमा, तूही ये," अरविंदराव ओरडले.

"मी कशाला येऊ?" प्रेमाताईंनी थर्मास उघडला. "मला पाहिजे होतं ते माझ्याकडे आलंय. कॉफी हवी असेल तर तुम्ही या."

अरविंदरावांनी धारवाडला फोन लावला.

"आचार्य, शुद्ध केलेलं सांडपाणी हे पाणी धरायचं का?"

आचार्यांनी उलट विचारलं, "त्याचा उगम कुठला? नदी, विहीर की पाऊस?"

"बाथरूम."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं. माझंही असेल त्यात."

"म्हणजे एकदा वापरून झालेलं," आचार्य सावकाश म्हणाले. "अंघोळ केलेलं. मग त्याचा घात त्या पहिल्या माणसावर पडून गेला. उष्टं पाणी आहे ते. देवाला चालत नाही, ते ग्रहांना कसं चालेल? सरी, ठीक आहे, जा तुम्ही."

"लेखी मिळेल का?"

"अरविंदराव, जा."

अरविंदरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट गळ्यात अडकवले आणि आयुष्यात पहिल्यांदा पाणी असलेल्या तलावात पाऊल टाकलं. चेहरा एखाद्या यंत्राची चाचणी घेतल्यासारखा. पाणी नडगीवर आलं तेव्हा ते थांबले, स्वतःला काही झालंय का ते पाहिलं, आणि पुढे गेले. धनलक्ष्मींनी बांधावरून टाळ्या वाजवल्या. बेटावर प्रेमाताईंनी कॉफीचा कप पुढे केला.

"कसं वाटलं?"

"तांत्रिकदृष्ट्या ते पाणी नाही," अरविंदराव म्हणाले. पण हसत होते.

तेवढ्यात पाइपाची देखरेख करणारा शिवकुमार मोटरसायकलवरून बांधावर आला. तीन माणसं, बांधावरची एक गाडी आणि नवीन पाणी पाहून तो घाबरला. "सार, गाडी काढा!" तो कन्नडमध्ये ओरडला. "वास आला तर तक्रार करू नका हां, वास येणार नाही! आज नुसती चाचणी आहे. बोअरवेलचं पाणी सोडलंय. अगदी स्वच्छ, पिता येईल! शहराचं मंगळवारी येणार!"

अरविंदरावांच्या हातातला कप तसाच राहिला. पायांवरून ओघळणाऱ्या थेंबांकडे त्यांनी भीतीने पाहिलं. पुन्हा धारवाड.

"आलात ते धरायचं नाही," आचार्यांनी निवाडा दिला. "मनात तुमच्या पाणी नव्हतं. अजाणता झालं. पण परत जाणं आता जाणूनबुजून होईल."

"मग मी इथेच बसू?"

"दिवाळी किती लांब आहे?"

अरविंदराव बेटाच्या कडेला गेले. "शिवकुमार! यात आजच थोडं शहराचं पाणी मिसळता येईल का? थोडंच!"

"मंगळवारी, सार!"

"जमीन कोरडी आहे. हे जिरायला किती वेळ लागेल?"

"जिरू नये म्हणून तर खाली चिकणमाती घातलीय, सार!" शिवकुमारने अभिमानाने सांगितलं.

प्रेमाताईंनी डबे भरले, थर्मासचं झाकण लावलं, चपला काढून हातात घेतल्या. "मी निघते," त्या म्हणाल्या. "धपाटे दोन ठेवलेत."

"आणि मी?"

"मी तुम्हाला चाळीस वर्षं या म्हटलं. आज म्हणणार नाही."

त्या उतरल्या. घाई न करता चालू लागल्या आणि मध्यावर जाऊन थांबल्या. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागत होतं. त्या मागे वळल्या नाहीत. कुठून तरी आलेला एक बगळा काठावर उतरत होता, त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. अरविंदराव वाट पाहत होते की त्या वळतील, काहीतरी टोमणा मारतील. त्या वळल्या नाहीत. त्यांना खरोखरच त्या पाण्यात मजा येत होती आणि नवरा मागे आहे की नाही, हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यातही नव्हतं. अरविंदरावांना जलघातापेक्षा याची जास्त भीती वाटली.

ते पाण्यात उतरले.

"हॅलो? हॅलो?" हातातल्या फोनमधून आचार्य विचारत होते. "अरविंदराव, उतरलात काय?" त्यांनी फोन डोक्याच्या वर धरला आणि खळाळत, पाणी उडवत निघाले. बगळा उडून गेला.

"घालवलात ना त्याला," प्रेमाताई म्हणाल्या.

"पुढच्या रविवारी कुठे?"

"धरणावर."

"किती खोल आहे ते?"

"तुम्ही काठावरून चाला."

"काठ किती रुंद आहे?"

"अहो, आधी यातून बाहेर तर चला," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या गळ्यातले बूट उडणाऱ्या पाण्याने भिजत होते, ते वर उचलून धरले.