नव्या सीडीतला मेनू

फुटबॉलच्या त्या गेमचा दरवर्षी नवा भाग निघायचा. खेळ तोच, मैदान तेच. बदलायचा तो मुख्यतः मेनू आणि त्यावर वाजणारी गाणी. दोन हजार सालानंतर आमच्या कुरखेड्याच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी शाळेत गणित शिकवणारा माणूस. प्रश्नपत्रिका टाइप करायला तो घेतला होता. त्यावर गेम चढवला मुलीनं, आणि खेळायला लागला तिचा मामा.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पंचविशीचा, आमच्याकडेच राहायचा आणि धानोऱ्याच्या रस्त्यावर दुसऱ्याची प्रवासी जीप चालवायचा. तो रस्ता जंगलातला. वळणावर गुरं बसलेली असतात, पोरं सायकली घेऊन मधूनच निघतात. तरी म्हातारी माणसं मुद्दाम त्याच्या गाडीसाठी थांबत, कारण तो गाडी पळवत नसे.

जुन्या भागातला मेनू साधा होता. डावीकडे एकाखाली एक ओळी, निवडलेली ओळ पिवळी व्हायची, बाण दाबला की टिक वाजायचं. मागे गाणी चालू असत. गाणं बदललं की खालच्या कोपऱ्यातून त्याच्या नावाची पट्टी सरकत यायची आणि जायची. मामाला इंग्रजी वाचता यायचं, तरी सुरुवातीला मुलगी हौसेनं त्याच्या शेजारी बसून सगळं वाचून दाखवायची: हे सामने, हे संघ, हे गाण्याचं नाव. मग ती शिकायला नागपूरला वसतिगृहात गेली. तोवर मामाचा हात असा बसला होता की टिक टिक करत तो थेट मैदानात उतरायचा.

एकदा तिला भेटायला गेलो तर तिनं मामासाठी नव्या भागाची सीडी दिली. मला वाटलं, तो खूश होईल. तो म्हणाला, जुनाच बरा आहे. सीडी तशीच पडून राहिली. शेवटी एका रविवारी सकाळी मीच ती चढवली आणि त्याला खुर्चीवर बसवलं. अकराला त्याची गाडी सुटायची होती. स्टँड घरासमोरच, बाजाराची माणसं गाठोडी घेऊन जमू लागली होती.

नव्या मेनूत ओळी नव्हत्या. आडवे चौकोन होते, करड्यावर करडे, आत बारीक अक्षरं. टिक वाजणंही गेलं होतं. मेहुण्यानं जुन्या सवयीनं बाण दाबले आणि भलतंच पान उघडलं. तो मागे आला, पुन्हा दाबलं. एकदम पडद्यावरची सगळी अक्षरं बदलली. इंग्रजी जाऊन युरोपातली कुठलीशी भाषा आली, अक्षरांच्या डोक्यावर तिरप्या रेघा. आता हा हसेल म्हणून मी थांबलो. तो हसला नाही. मान थोडी वाकडी करून त्याच गतीनं बाण दाबत राहिला.

भाषा बदलली, हे त्याला कळलंच नव्हतं.

पण एका उदाहरणावरून उत्तर काढायचं नसतं, हे मी मुलांना रोज सांगतो. हा नवा भाग काही खरा नाही असं म्हणून मी जुना सुरू केला. त्याचे खांदे सैल झाले. टिक टिक, आणि संघ निवडून मोकळा. मी त्याला मेनूवर परत यायला लावलं. गाणं लागलं, पट्टी सरकत आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की कोणतं गाणं आहे हे. त्यानं नाव सांगितलं. बरोबर होतं. पुढचं लागलं, तेही बरोबर. क्षणभर मला माझ्याच शंकेची लाज वाटली.

मग मी हात लांब करून स्पीकरचा आवाज शून्यावर नेला.

गाणं संपून दुसरं सुरू झालं असावं, कारण पट्टी आली. मोठी, पांढरी अक्षरं.

"आता कोणतं?" मी विचारलं.

तो पडद्याकडे पाहत राहिला. पट्टी गेली. बाहेर कुणीतरी जीपचा हॉर्न दोनदा वाजवला; प्रवासी बोलावत होते.

"आवाज वाढवा ना, भाऊजी," तो म्हणाला.

"आवाज काऊन पाहिजे? लिहिलं होतं ना तिथं."

आतल्या खोलीत सुपाचा आवाज थांबला. बायको तांदूळ पाखडत होती.

मग तो हळूहळू बोलला. वर्ष झालं होतं. आधी पाट्या गेल्या, मग माणसांचे चेहरे. कडेचं सगळं दिसतं. झाडं दिसतात, डांबराचे काठ दिसतात, समोरून येणारा ट्रक धूसर का होईना दिसतो. "पन जे पाहाले जातो, तेच जाते," तो म्हणाला. स्टँडवर माणूस बोलला की आवाजावरून ओळखायचा. चष्म्याच्या दुकानात जाऊन आला होता, कोणतीच काच लागू पडली नव्हती. जीपवाल्याला कळलं तर गाडी जाईल, आणि गाडी गेली तर जमत आलेली सोयरीक जाईल, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

बायको दारात येऊन उभी होती. तिनं एवढंच विचारलं, की कालपण अशीच नेलीस का गाडी. त्यानं मान डोलावली. काल ती स्वतः त्या गाडीत होती.

"रस्ता मले पाठ हाय, बाई," तो तिला म्हणाला. "एक एक खड्डा पाठ हाय."

"मेनूबी पाठच होता, बाबू," मी म्हणालो.

पुन्हा हॉर्न वाजला. आजचा दिवस जाऊ द्या, बाजार आहे, उद्या नागपूरला दवाखान्यात जाऊ, असं तो म्हणाला. मी दारात जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर तो मला ढकलून गेला असता तर मी अडवू शकलो नसतो. तो माझ्यापेक्षा दांडगा होता. त्यानं मला सांगितलं, तुम्हीच जाऊन सांगा, गाडी बिघडली म्हणा. मी नाही म्हटलं. मी तसं सांगितलं असतं तर आजची फेरी टळली असती, उद्याची नाही.

शेवटी तोच उठला. मी मागे दोन पावलं. जीपमध्ये माणसं दाटून बसली होती, टपावर गाठोडी बांधून झाली होती. तो गाडीच्या बाजूला उभा राहिला आणि म्हणाला की आज गाडी जात नाही.

पुढच्या सीटवरची म्हातारी लगेच म्हणाली, "काऊन रे, सासऱ्यानं बोलावलं का?"

दोघंतिघं हसले. त्यानं तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"मले दिसत नाई, आजी."

हसणं थांबलं. म्हातारी त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं हात वर नेऊन त्याच्या तोंडासमोर हलवला. कडेनं दिसला असावा, त्यानं तो हात धरला.

"मंग मंगळवारी मले कसा नेला रे तू?" तिनं विचारलं.

म्हातारी त्याचाच हात धरून खाली उतरली. तिच्यामागून एकेक जण उतरू लागला. तो टपावर चढला आणि गाठी हातानं चाचपत एकेक गाठोडं सोडून खाली देऊ लागला.