घोडीला हात नसतात

काकांनी आमच्या दारात ट्रक उभा केला, किल्ली ओट्यावर ठेवली आणि आधी पाणी मागितलं. तांब्या रिकामा झाल्यावर सांगितलं, की दिवाळीनंतर ते गाडी चालवणार नाहीत. डाव्या डोळ्याची नजर फार उतरलीय, डॉक्टरनं साफ मनाई केलीय. एक विटावाला गाडी मागतोय, पण त्याला द्यायचा जीव होत नाही, तर तुम्हीच घ्या. नवऱ्याचा चेहरा लगेच उजळला. मग काका माझ्याकडे वळले.

"पण चालवायची सूनबाईनं."

नवरा हो म्हणून मोकळा झाला. मी पुढचे तीन आठवडे त्या किल्लीला हात लावला नाही.

आमचं काम वरातीला घोडी पुरवायचं. अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरातल्या बोळात आमचं घर, घराला लागून तबेला, आणि तबेल्यात एकच पांढरी घोडी. बँडच्या तालावर ती पुढचे पाय असे उचलते की नवरदेवाकडे कोणी बघत नाही. पण अकोल्यातली लग्नं तिच्या पोटाला पुरत नाहीत. निम्मी कामं अमरावतीची. तेवढं अंतर घोडी चालत जात नाही, तिला गाडीतून न्यावं लागतं, आणि ती गाडी म्हणजे इतकी वर्षं पातूरच्या काकांचा हा छोटा ट्रक. काका आमच्या नात्यातले नव्हेत. सासऱ्यांचे दोस्त. सासरे गेले तरी काका यायचे थांबले नाहीत, एवढंच त्यांचं नातं सांगता येईल.

घोडीबरोबर मागे कोणीतरी उभं राहावं लागतं. आधी सासरे राहायचे, आता नवरा राहतो. दुसऱ्या कोणाला ती जवळ उभी करत नाही. म्हणजे नवरा मागे, आणि काका नसले तर स्टेअरिंगवर मीच. बाहेरचा ड्रायव्हर आम्ही एकदाच घेतला होता, काकांची गाडी गॅरेजात होती तेव्हा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला पोत्यांची सवय. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यानं कचकन ब्रेक मारला आणि घोडी गुडघ्यांवर आली. दोन्ही गुडघ्यांवर त्या जखमांचे डाग अजून आहेत. खरारा करताना माझा हात तिथे आला की आपोआप हळू होतो.

ट्रक नाही घेतला तर अमरावतीची कामं सुटणार, आणि मग घोडी ठेवणं परवडणार नाही. घेतला आणि माझ्या हातून तसाच ब्रेक लागला तर? ती पुन्हा उठेल का? हे मी रोज भाकरी थापताना स्वतःला विचारायचे आणि भाकरी जाड व्हायची.

मी मूळची मिरजेकडची. वडील टांगा चालवायचे. टांग्याचे दिवस संपले तसे ते घोडा घेऊन लांबच्या घोडेबाजारात गेले, तिथे सासऱ्यांची गाठ पडली. सासऱ्यांनी घोडा घेतला आणि दोन महिन्यांनी मुलासाठी मला मागणी घातली. नवरा अजून म्हणतो की घोडा आधी पसंत पडला, त्याच्यावर मी आले. शाळा माझी सहावीतच सुटलेली. आई अंथरुणाला खिळली आणि घरचं चूल-पाणी, घोड्याचा चारा, सगळं माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षी इथलं बोलणं मला भांडणासारखं वाटायचं. "काहून बसली?" असं सासूबाईंनी विचारलं तरी माझे डोळे भरायचे. त्या बिचाऱ्या मी दमले का एवढंच विचारत होत्या.

मला गाडी चालवायला लावली तीही काकांनीच. मालवाहू गाडीच्या लायसनला पूर्वी आठवी पास लागायचं. ती अट गेली तेव्हा काका पातूरहून एसटीनं आले, ते मला सांगायला, आणि दुसऱ्या दिवशी मला आरटीओत घेऊन गेले. फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात 'सहावी' लिहून मी त्यावर तळहात ठेवून बसले होते. काकांनी हात बाजूला सारून वाचलं. म्हणाले, "मी चौथी. तू तर माह्याहून दोन इयत्ता पुढं हायेस." त्या लायसनवर मी गेली दोन वर्षं तीनचाकीतून चारा आणते. चारा पडला तर उचलता येतो, म्हणून तिथे मला भीती वाटत नाही.

ट्रकबद्दल मी हो म्हणत नाही हे बघून काकांनी एक दिवस मला मागच्या हौद्यात चढायला सांगितलं. मला वाटलं, फळ्या दाखवायच्या असतील. त्यांनी मागचं दार, म्हणजे फाळका, लावून टाकला आणि जिथे घोडी उभी राहते तिथे मला उभी केली.

"घोडीले हात नसते, सूनबाई. तिले काही धरता येत नाई. तूबी धरू नको."

मग ते पुढे जाऊन बसले आणि गाडी पातूरच्या रस्त्याला लावली. मी पदर खोचून, हात पाठीमागे बांधून उभी. नवरा कडेला बसून माझ्याकडे बघून हसत होता. पहिल्या गतिरोधकाला मी त्याच्या अंगावर गेले. दुसऱ्याला फाळक्यावर. हळूहळू मला कळायला लागलं की काका ब्रेक दाबतात त्याच्या आधीच गाडी सांगते. आवाज उतरतो, पायाखालची फळी जरा जड होते, आणि शरीर आपोआप मागे रेलतं. वळणाआधी ते गाडी इतकी हळू करायचे की वळण कधी गेलं हे समजायचं नाही. एकदा त्यांनी मुद्दाम जोरात ब्रेक मारला. मी गुडघ्यांवर पडले. उठून बघते तर माझ्या गुडघ्यांना अगदी तिथेच लागलेलं.

खाली उतरल्यावर मी चिडून पदराची धूळ झटकली. काका म्हणाले, जे तुझ्या पायांना समजलं ते आता तुझ्या हातांना सांग. त्यानंतर आठ-दहा दिवस रिकामा ट्रक घेऊन मी पातूरला जाऊन येत होते. काका शेजारी बसायचे. चुकलं की फक्त स्वतःचा गुडघा चोळायचे.

तरी मन मानत नव्हतं. गाडी जुनी, काकांचा जीव तिच्यावर, त्यांना तिचे दोष कसे दिसणार? काकांना न सांगता मी ट्रक अकोल्यातल्या एका मिस्त्रीकडे नेला आणि म्हटलं, सगळं बघ. त्यानं ब्रेक बघितले, स्प्रिंगचे पाटे बघितले, हौद्याच्या फळ्या ठोकल्या. सगळं ठीक निघालं. फक्त रिव्हर्स हॉर्न बंद होता. गाडी मागे घेताना ट्रकमधून ती जी गाण्याची धून वाजते ना, ती. वायर तुटलीय, त्यानं सांगितलं. जोडून देऊ का?

जोड म्हटलं. मला वाटलं, ही एक गोष्ट तर माझ्या हातून नीट झाली. काकांची एक खोडही आता सुटेल. ते गाडी मागे घ्यायच्या आधी दर वेळी खाली उतरायचे, मागे जाऊन बघायचे, पुन्हा वर चढायचे, हातभर मागे घेतली की पुन्हा उतरायचे. अमरावतीत मंगल कार्यालयांसमोर आधीच गर्दी, मागून लोक ओरडायचे, आणि काकांचं उतरणं-चढणं चालूच. नवरा म्हणायचा, काका गाडी मागं घेतात तवर एक चहा होते. आम्ही खूप हसायचो. म्हाताऱ्या माणसाची खोड, दुसरं काय.

घोडीला घेऊन पहिली खेप पातूरचीच ठरली. काका त्यांच्या शेतावर वाट बघणार होते. सकाळी मी ट्रक नदीकाठच्या मातीच्या धक्क्याला लावला. धक्का म्हणजे उंचवटा, ज्याला गाडी टेकवली की हौदा आणि जमीन एका पातळीत येतात आणि घोडी चालत आत जाते. मी गाडी मागे घेतली, आणि कुठल्याशा जुन्या सिनेमातल्या गाण्याची धून पिपाणीसारखी वाजायला लागली. धक्क्यावर उभ्या असलेल्या घोडीनं कान टवकारले आणि पुढचे पाय उचलायला सुरुवात केली. सकाळच्या वेळी, ना नवरदेव ना बँड, आणि आमची घोडी नाचतेय. नवरा पोट धरून हसला. कपडे धुणाऱ्या बायका हसल्या. मीही हसले. त्यात मला पुढचं दिसलं नाही.

पातूरपर्यंत मी चांगली चालवली. हौद्यात कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर घातला होता, घोडी त्यावर शांत उभी होती. नवऱ्याचं आणि माझं ठरलं होतं, केबिनच्या पत्र्यावर एक टकटक म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू दे. वाटेत एकदाही एक टकटक आली नाही. शेताच्या बांधाला गाडी लावायला मी रिव्हर्स टाकला, धून सुरू झाली, आणि मागे फळ्यांवर खुरं वाजायला लागली. आधी तालात. मग गाडी जरा कलली, घोडी घाबरली, आणि ताल सुटला. सगळा ट्रक हलत होता. पत्र्यावर टकटक नाही, धडाधड मुठी बसत होत्या. मी घाबरून ब्रेक दाबला. एक मोठा आवाज झाला आणि मग काहीच नाही.

बांधावरून काका खांद्यावरचा दुपट्टा हलवत पळत येताना दिसले. "बंद कर ते," एवढंच त्यांच्या तोंडून निघत होतं.

घोडी उभी होती. गुडघा फाळक्याला घासून कातडी सोलली होती, रक्त थोडंच. नवऱ्याच्या पायावर तिचं खूर पडलं होतं, तो एका पायावर उभा राहून तिच्या मानेवरून हात फिरवत होता. मी चाकाशी बसले. काकांना म्हटलं, ट्रक विटावाल्याला द्या. माझ्याच्यानं होणार नाही.

काकांनी आधी घोडीचा पाय धुतला. मग माझ्याजवळ आले.

"वायर कोनं जोडली?"

मी सांगितलं.

"मीच तोडली होती ती," ते म्हणाले. "तुझा सासरा मागं उभा होता. अमरावतीत पयलीच खेप, कार्यालयासमोर गाडी मागं घेतली अन् हे बाईसाहेब आत नाचाले लागल्या. मीबी तुह्यासारखाच ब्रेक मारला. आता काहून रडून राहिली?"

मी विचारलं, आम्हाला कधी सांगितलं का नाही? त्यात सांगण्यासारखं काय होतं, असं त्यांनी मलाच विचारलं. घोडी तेव्हा नवीन होती, वरातीत नाचली तरच तिला काम. गाणं ऐकून नाचू नको असं तिला शिकवता येत नव्हतं. मग गाडीनंच गाणं बंद केलेलं बरं. त्या दिवशी कार्यालयामागे बसून त्यांनी वायर कापली, टोकांना काळी टेप गुंडाळली, आणि तेव्हापासून गाडी मागे घेताना उतरून बघायला लागले. एवढी वर्षं. त्यांचे स्वतःचे गुडघेही काही तरुण नव्हते. आणि आम्ही मागे बसून चहाचा हिशेब सांगत होतो.

नवरा खाली मान घालून उभा होता. मला आरटीओतला तो रकाना आठवला. या माणसानं माझी सहावीही आधी नीट वाचली होती आणि मगच बोलला होता. त्यानं पहिल्याच खेपेला जी चूक केली होती तीच मी केली होती, आणि त्यानंतर त्यानं घोडीला एवढ्या वर्षांत एकदाही पाडलं नव्हतं. चूक होणार नाही असं मला कोणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. चूक झाल्यावर काय करायचं हे मात्र समोर दिसत होतं.

मी काकांच्या हत्यारांच्या डब्यातून पक्कड काढली, ट्रकखाली वाकले आणि वायर कापली. टेप काकांनी दिली. ती गुंडाळून झाल्यावर मी म्हटलं, "घेते मी गाडी."

"घे," काका म्हणाले आणि घोडीला बांधावर उतरवायला नवऱ्याच्या मदतीला गेले. गाडीच्या किमतीचं त्या दोघांनी नंतर एका चहात मिटवलं. काकांनी घासाघीस होऊच दिली नाही.

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली आणि आम्ही अमरावतीला निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडची ती जागा आली तेव्हा मी गाडी इतकी हळू केली की मागचा बसवाला हॉर्न वाजवून वैतागला. वाजव बाबा, म्हटलं. बडनेरा मागे पडलं, शहर लागलं, आणि लग्नाचं कार्यालय आलं. समोर रिक्षा, मोटारसायकली, फुलांची हातगाडी, बँडवाले अजून बिडी ओढत बसलेले. मला गाडी मागे घेऊन ओट्याला लावायची होती.

मी खाली उतरले. मागे जाऊन बघितलं, एक मोटारसायकल बाजूला घ्यायला लावली, वर चढले, हातभर मागे घेतली, पुन्हा उतरले. हातगाडीवाला बराच वेळ बघत होता. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही.

"अवो बाई, बसूनच मागं घ्या नं. कितीक खेपा उतरता?"

मी मागचं चाक पुन्हा एकदा बघून घेतलं. काका असते तर त्यांनीही तेच केलं असतं. पुन्हा चढले, रिव्हर्स टाकला आणि कान मागे लावून गाडी हळू सोडली. खुरांचा आवाज नाही. पत्र्यावर दोनदा टकटक झाली.