अंतरपाटावरचा दुसरा मोर

मी विजेचा इंजिनियर आहे, ही गोष्ट माझं घर सोडून सगळीकडे मान्य होती. कारखान्यात माझ्या सहीशिवाय एक मोटार फिरत नसे. घरी मात्र साधा दिवा गेला, तरी आमची कुमुद कुंपणापाशी जाऊन हाक मारायची, "रंगण्णाऽ, स्वल्प बर्तीरा?" म्हणजे, जरा येता का? आणि मी तिच्या मागे, हातात टेस्टर घेऊन, उभा!

रंगण्णा हे आमचे शेजारी. शाळेत संस्कृत शिकवायचे. बेंगळुरात, बसवनगुडीत एकाच मालकाच्या दोन जोडघरांत आम्ही राहत होतो. हा गृहस्थ दिवसभर पोरांकडून शब्दरूपं घोकून घ्यायचा आणि संध्याकाळी गल्लीतले स्टोव्ह, घड्याळं, नळ दुरुस्त करायचा. हत्यारं दोनच. एक खोबरेल तेलाची बाटली आणि दुसरी बायकोच्या अंबाड्यातली पिन! धारवाडला शिकल्यामुळे त्यांना मराठी उत्तम यायचं, पण कुमुद पडली बेळगावची, त्यामुळे दोघं कानडीतच बोलायची. मी साताऱ्याचा. मला त्यातलं 'स्वल्प' म्हणजे जरा आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढंच कळायचं. मधेच दोघं हसायची ते तर मुळीच कळायचं नाही. (मलाच हसत असावीत, असं माझं तेव्हा मत होतं. आजही ते बदललेलं नाही.)

सरळच सांगतो, मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. जेवणाआधी वाटायचा आणि जेवणानंतर जरा जास्त वाटायचा.

त्या हेव्यापोटीच मी कुमुदच्या पायमशीनला विजेची मोटार बसवली. साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. गल्लीत तोवर कुणाच्या शिलाई मशीनला वीज शिवली नव्हती. निमित्तही चांगलं होतं. कुमुदच्या धाकट्या बहिणीचं, मंगलचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच ठरलं होतं, आणि अंतरपाट मी स्वतः भरून आणणार, असं कुमुदने माहेरी कळवून टाकलं होतं. मधे स्वस्तिक आणि दोन्हीकडे एकमेकांकडे बघणारे दोन मोर. दिवाळीला बेळगावला जायचं तेव्हा तो बरोबर न्यायचा. आईला शब्द दिला होता, काकवांना पत्रं गेली होती. माघार घ्यायची सोयच नव्हती.

पहिला मोर दसऱ्याच्या आत झाला आणि असा देखणा झाला की आख्खी गल्ली बघून गेली. रंगण्णाही आले. म्हणाले, "कुमुदम्मा, हातात कला आहे हो तुमच्या!"

"आणि मोटार मी बसवली आहे," मी म्हणालो.

"होय का?" म्हणाले आणि पुन्हा मोराकडे बघू लागले.

मग आली खंडेनवमी. या दिवशी बेंगळुरात ज्याच्याकडे जे यंत्र असेल त्याची पूजा होते. मी सकाळी खिडकीतून बघतो तर रंगण्णांची सायकल झेंडूच्या दोन माळा घालून उभी, चाकाखाली लिंबं, आणि समोर रंगण्णा खणखणीत आवाजात मंत्र म्हणताहेत! रस्त्यानं जाणारे लोक थांबून हात जोडत होते. एका जुन्या सायकलीला! माझ्या घरात अशी मोटार असताना!

मी तडक बाजारातून तीन माळा आणल्या. मशीनला हळद लावली, मोटारीला कुंकू लावलं, सुईलाही कुंकू लावलं. मंत्र मला 'वक्रतुंड' सोडून एकही येत नव्हता. तेव्हा मंत्रांची उणीव मी अक्षतांनी भरून काढली. 'वक्रतुंड' म्हणायचं आणि मूठभर अक्षता टाकायच्या! आवाज रंगण्णांच्या घरापर्यंत जावा म्हणून अकरा वेळा म्हटलं.

"अहो, पुरे की आता! मशीन दिसंना झालंय," कुमुद म्हणाली.

"श्रद्धेला माप नसतं," मी म्हणालो. (आणि बारावी मूठ टाकली.)

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुमुद दुसऱ्या मोराला बसली. दहा मिनिटांत हाक आली, "अहो, दोरा तुटायलाय!"

मी धावलोच. सुई गचके खात होती, कापडाखाली दोऱ्याचा गुंता होत होता आणि मोटार कण्हत होती. आयुष्यात प्रथमच तिने बिघाडासाठी मला हाक मारली होती! मी छाती काढून वर दिव्याकडे पाहिलं. संध्याकाळची वेळ, दिवा मिणमिणत होता.

"व्होल्टेज!" मी जाहीर केलं.

"रंगण्णांना एकदा दाखवू या का?"

"त्यांना? व्होल्टेज काय सप्तमी विभक्तीत चालतं? घरात इंजिनियर असताना शेजारचा मास्तर बोलवायचा नाही. सांगून ठेवतो!"

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून परवानगी घेऊन व्होल्टमीटर आणला. घरी असेन तेव्हा दर तासाला दाब मोजून भिंतीवर तक्ता लिहू लागलो. सकाळी अकराला दाब चांगला असे, म्हणून कुमुदने अकराला बसायचं असं ठरवलं. अकराला फोडणी कोण घालणार, हे ठरवायचं राहिलं. त्यात आश्विनातला पाऊस! दुपारी ढग गडगडला की मोटारीला धोका नको म्हणून मी प्लग ओढून काढायचो. कारखान्यातून सायकल दामटत यायचो तो प्लग काढायला! एकदा नळाखाली पिंप सरकवल्याचा आवाज झाला तेव्हाही काढला. आणि हे सगळं करून अकरा वाजता, भरपूर दाबावर, दोरा तुटायचा तो तुटायचाच.

बारा दिवस गेले. मोराची चोच आणि अर्धी मान एवढंच झालं होतं. कुमुद आता माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायची, आणि काम तर होतच नव्हतं. कुंपणापलीकडून रंगण्णा रोज विचारायचे, "रायरे, (म्हणजे रावसाहेब, म्हणजे मी) मोर कुठंपर्यंत आला?"

"येतोय," मी म्हणायचो.

शेवटी मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या रिकाम्या डब्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवून मी दाब वाढवायचं यंत्र बनवलं. ते लावलं की फ्यूज उडायचा, म्हणून फ्यूजमध्ये चांगली जाड तार घातली. (असं कुणीही, कधीही करू नये. कारखान्यात तशी पाटी मी स्वतः लावली होती.)

"बस," मी कुमुदला म्हणालो. "आता बघ मोर कसा पळतो ते!"

बटण दाबलं. डबा भुंग्यासारखा गुणगुणला. मोटारीने अशी डरकाळी फोडली की कुमुद खुर्चीसकट मागे सरकली. सुई मोडून माझ्या चष्म्यावर आली, डब्यातून निळा धूर निघाला, आणि माझी तार इतकी भक्कम की ती काही वितळली नाही. वितळला तो मालकाचा बाहेरचा मोठा फ्यूज. आमचं घर अंधारात, आणि भिंतीपलीकडे उत्तरपत्रिका तपासणारे रंगण्णाही अंधारात!

अंधारात मला आधी जळक्या मोटारीचा वास आला आणि मग कुमुदचं रडणं ऐकू आलं.

"चार दिवसांनी निघायचंय," ती म्हणाली. "आईला काय सांगू? मंगलच्या लग्नात मधे काय धरायचं? तुमचा डबा?"

बारा दिवस मी मोराचा विचारच केला नव्हता. भिंतीपलीकडच्या माणसाला हे मशीन दिसू नये, एवढ्याच धडपडीत मी होतो. आणि त्यात त्या पोरीचा अंतरपाट अर्ध्या मानेवर लटकला होता. लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

मी उठलो, चाचपडत कुंपणापाशी गेलो आणि जन्मात पहिल्यांदा हाक मारली, "रंगण्णाऽ, स्वल्प बर्तीरा?"

ते कंदील, तेलाची बाटली आणि पिन घेऊन आले. इतक्या लवकर आले की, हा माणूस बारा दिवस चप्पल घालूनच बसला होता की काय, अशी मला शंका आली. त्यांनी डब्याकडे पाहिलंही नाही. सुईखालचा पत्रा सरकवला, बॉबिनची डबी बाहेर काढली, पिन आत घातली आणि अलगद काहीतरी टिपून कंदिलाशी धरलं.

तांदळाचा लाल दाणा!

मग दुसरा. तिसरा. कुंकू आणि तेल यांचा चांगला चिखल झालेला होता आणि त्यात दाणे घट्ट रुतले होते. (आणखी आठवडा गेला असता, तर रोपं लावणीला आली असती.) सगळे काढून रंगण्णांनी माझ्या तळहातावर ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "रायरे, यंत्राला नैवेद्य दाखवायचा असतो. जेवायला घालायचं नसतं."

कुमुद आधी डोळे पुसत होती, ती तशीच हसायला लागली. दोघं हसत होती. या खेपेला कशाला हसताहेत ते मला नीट कळलं.

"पण मोटार जळली की हो," ती म्हणाली.

"मोटार जळली, पाय शाबूत आहेत ना?" म्हणत त्यांनी पायमशीनचा जुना पट्टा चढवून दिला. कुमुदने नवी सुई घातली आणि पायाने मशीन चालवत तीन दिवसांत मोर पुरा केला. दोन मोरांत हाच अधिक देखणा झाला. हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आज करतो.

लग्नाला सासऱ्यांनी रंगण्णांना आग्रहाचं आमंत्रण धाडलं. ते आले. इतकंच नव्हे, अंतरपाटाचं एक टोक धरायचा मानही त्यांना मिळाला. मी, घरचा जावई, बायकांच्या मागे खांबाला टेकून उभा! कुमुदचा भाऊ अक्षता वाटत माझ्यापर्यंत आला, तर मधेच कुमुदचा हात पुढे.

"यांना पाचच दाणे दे रे."

मी पाच दाणे मुठीत धरून उभा राहिलो. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळा मांडव वधूवरांकडे बघत होता. कुमुद तेवढी माझ्या मुठीकडे बघत होती.

आणि मोराच्या वरून, अंतरपाटाचं टोक धरून, रंगण्णाही!