नावाआधीचे आभार

केंटकीतल्या आमच्या परगण्यात मत गुप्त नसे. मतदाराने न्यायकचेरीत शेरीफसमोर उभे राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने उच्चारावे आणि तिथेच बसलेल्या त्या उमेदवाराने उठून, मान लववून आभार मानावेत, असा परिपाठ होता. मते टिपण्याचे काम तीस वर्षे माझ्याकडे होते. म्हणून मायकेजा टॉलिव्हरची ही हकीकत ऐकीव नव्हे.

मायकेजा पाणचक्कीवाला. तीनदा राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला, तरी पिठाने पांढरा झालेला कोट त्याने कधी लपवला नाही. त्याचा मेहुणा लेम्युएल स्प्रिग हा नदीवर उतारूंची नाव चालवी. तिचा परवाना मिळवण्यासाठी मायकेजा विधिमंडळात दोन अधिवेशने झगडला होता.

चौथ्या निवडणुकीत, तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास, त्याची आणि कर्नल रॅडफोर्डची मते समसमान झाली. मतदान संपता संपता लेम्युएल आत आला.

"या नावाडीबुवा," मागून कोणी म्हणाले, "लावा तुमच्या दाजींना पैलतीराला."

हशा पिकला. मायकेजाही हसत उठला. "आभारी आहे रे, लेम."

नाव अद्याप उच्चारलेच गेले नव्हते.

लेम्युएलने टोपी छातीशी धरली. "कर्नल रॅडफोर्ड."

कर्नल उठला, लवला. एका मतासाठी दोन उमेदवार उभे, असे मी त्याआधी पाहिले नव्हते.

"टॉलिव्हर, बसून घ्या," शेरीफ हलकेच म्हणाला.

मायकेजाचे घर पैलतीरी. धक्क्यापर्यंत मी त्याच्यासोबत गेलो. लेम्युएल वल्हे धरून उभा होता.

"बसा दाजी. ताई वाट बघत असेल."

"काय कबूल केलंय कर्नलनं?"

"तंबाखूच्या वखारीत तपासनीस. कायमची जागा आहे, दाजी. नाव काय, पूर आला की बंद."

"मला सांगायचं होतंस. मीच शब्द टाकला असता."

"तुम्ही हरल्याशिवाय ती मिळणार नव्हती."

मायकेजाने क्षणभर त्या नावेकडे पाहिले. मग तो वरच्या अंगाला दोन मैलांवरच्या नदीच्या उताराकडे वळला. विधिमंडळात घालायला शिवलेला कोट डोक्यावर धरून, कमरेएवढ्या पाण्यातून त्याने नदी ओलांडली.

त्यानंतर तो निवडणुकीला कधी उभा राहिला नाही. मत द्यायला मात्र दरवर्षी येई, कमरेपर्यंत ओला; आणि आभार ऐकायला थांबत नसे.